कोकणात घराभोवती बाग करताना: आधी पाण्याची वाट, मग झाडं

कोकण किनाऱ्यावर घराचं बांधकाम बहुतेक वेळा मे महिन्यात उरकतं. रंग वाळतो, गेट बसतं आणि पाऊस दारात आला असताना घराभोवतीच्या जागेचा विचार सुरू होतो. मोबाइलवर साठवलेले चार फोटो गवंड्याला दाखवले जातात. हिरवंगार लॉन, पेव्हर ब्लॉकची वाट, कडेने ओळीत पाम, कोपऱ्यात गोटे रचून केलेली रॉक गार्डन. जून संपेपर्यंत लॉनचा चिखल होतो, जुलैत ब्लॉकवर शेवाळ धरतं, ऑगस्टमध्ये कंपाउंडची भिंत पोट काढते आणि जगलेलं जे काही असेल ते पुढच्या एप्रिलमध्ये पाण्यावाचून वाळतं. मग सगळं उखडून पुन्हा खर्च.

हौस चुकीची नसते. फोटोतली बाग वेगळ्या हवामानातली असते, तिथे गफलत होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे. माती तांबडी, जांभ्याची, बऱ्याच ठिकाणी हातभरसुद्धा खोल नाही, आणि खाली कातळ. पडतं तेव्हा पाणी आवरत नाही आणि एकदा पाऊस गेला की जमिनीत ओल टिकत नाही. त्यामुळे या लेखात झाडांची नावं बऱ्याच उशिरा येतील. आधी पाणी कुठून येतं, कुठे जातं आणि मे महिन्यात किती उरतं, ते पाहू.

पहिली पायरी: एक पावसाळा नुसता बघून काढा

हा सल्ला कुणालाच आवडत नाही, पण माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे वाचवतो तो हाच. जागा नवी असेल तर पहिल्या पावसाळ्यात काही पक्कं बांधू नका. मुसळधार पाऊस चालू असताना छत्री घेऊन घराभोवती फिरा. वरच्या अंगाचं पाणी तुमच्या हद्दीत कुठून शिरतं, पागोळ्या कुठे पडतात, कुठली माती वाहून जाते, हे बघा आणि त्या त्या जागी बांबूच्या खुंट्या ठोका. पाऊस थांबल्यावर तासाभराने पुन्हा एक फेरी मारा. जिथे अजून पाणी उभं आहे तिथे वेगळी खूण करा. या दोन फेऱ्यांतून जो नकाशा तयार होतो तो कुठल्याही डिझायनरच्या आराखड्याइतकाच महत्त्वाचा असतो.

खड्ड्याची परीक्षाही करून घ्या. एप्रिल-मेमध्ये जिथे झाड लावायचं मनात आहे तिथे दोन फूट खोल खड्डा काढा आणि पाण्याने भरा. ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी काही तासांत जिरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशीही ते तसंच राहिलं तर खाली सलग कातळ किंवा चिकण थर आहे. अशा जागी पावसाळ्यात खड्ड्याचं टाकं होणार आणि रोपाची मुळं कुजणार. पहार ठोकून बघितली तरी बरंच कळतं. टणक आवाज येऊन पहार उसळली की कातळ लागला.

पावसाळाभर थांबणं शक्य नसेल तर शेजारच्या घरातल्या वयस्कर माणसांपाशी जाऊन बसा. ‘हयसून आदी व्हाळ जाय होतो’ (इथून आधी ओढा वाहायचा) हे वाक्य कुठल्याही सातबाऱ्यावर सापडत नाही, आणि नेमका तोच व्हाळ बुजवून प्लॉट पाडलेला असू शकतो. बुजवलेला व्हाळ पहिल्या मोठ्या पावसात आपली जुनी वाट शोधतो. जागा भरावाची असेल तर आणखी एक गोष्ट: भराव खचून बसायला दोन-तीन पावसाळे घेतो. तोवर त्यावर फरशी, ब्लॉक किंवा भिंत घालणं म्हणजे ते पुन्हा करायची तयारी ठेवणं.

दुसरी पायरी: छपराचं आणि अंगणाचं पाणी बाहेर काढा

हिशोब एकदा कागदावर मांडा. १०० चौरस मीटर छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १० हजार लिटर पाणी होतं, म्हणजे एक मोठा टँकर. जुलैत असा पाऊस एका दिवसात पडणं हे इथे नवल नाही. हे पाणी पन्हळीतून एका कोपऱ्यात सोडलं आणि तिथेच फुलझाडांचा वाफा केलेला असला, तर वाफा राहत नाही.

जोत्यापासून बाहेरच्या बाजूला जमिनीला उतार हवाच. दर मीटरला एक ते दोन सेंटिमीटर पुरतो; डोळ्याला तो जाणवतही नाही. घराच्या भिंतीला लागून माती चढवून वाफे करण्याची पद्धत सध्या फार दिसते. दिसायला छान असली तरी ओल थेट भिंतीत चढते आणि वाळवीला आत शिरायला लपलेली वाट मिळते. जोत्याची वरची निदान अर्धा फूट पट्टी उघडी राहायला हवी. झाडं भिंतीपासून दीड-दोन फूट लांब, आणि मधल्या पट्ट्यात बारीक खडी. पागोळ्यांचा मार तिथे बसला तरी चिखल भिंतीवर उडत नाही. जुन्या घरांच्या वळचणीखाली जांभ्याच्या चिपा लावलेल्या असतात त्या याचसाठी.

घराच्या वरच्या अंगाला, डोंगराकडच्या बाजूने, एक चर काढून येणारं पाणी घराला वळसा घालून बाजूने काढा. चर फूटभर रुंद आणि तेवढाच खोल असला तरी छोट्या जागेला चालतो, फक्त तो दरवर्षी मे महिन्यात पातेरा काढून साफ व्हायला हवा. चराचं तोंड पाणंदीत किंवा खालच्या शेजाऱ्याच्या परड्यात सोडू नका. वाडीतले निम्मे तंटे इथून सुरू होतात, आणि पाणंद धुपली तर पुढे तुमच्याच गाडीला वाट राहत नाही. ते पाणी जवळच्या पऱ्याला किंवा व्हाळाला मिळेल असं बघा. खालच्या अंगाला शोषखड्डा केलात तर उत्तमच, मात्र संडासाच्या टाकीपासून तो लांब हवा.

छपराचं पाणी विहिरीत सोडायचं असेल तर पहिल्या दोन-चार पावसांचं पाणी बाहेर जाऊ द्या. छपरावरची धूळ, पालापाचोळा, पाखरांची घाण त्यात असते. नंतरचं पाणी खडी आणि वाळूच्या गाळणीतून सोडा. समुद्राजवळच्या गावांत याचा दुहेरी उपयोग आहे. उन्हाळ्यात पंपाने विहीर फार उपसली की खारं पाणी आत सरकतं, आणि गोड पाणी जमिनीत जितकं जास्त मुरलेलं असेल तितकं ते उशिरा सरकतं. शोषखड्डा आणि विहीर यांत निदान १५ ते २० मीटर अंतर ठेवा. जांभा सच्छिद्र असतो, त्यातून घाण पाणी फार लांब जातं.

तिसरी पायरी: भिंत घालताना पाण्याला वाट द्या

उताराच्या जागेवर सगळ्यात महागडी चूक कंपाउंडच्या भिंतीत होते, म्हणून इथे थोडं थांबतो.

जुना गडगा चुना-सिमेंटशिवाय रचलेला असतो. दगडांच्या फटींतून पाणी झिरपून निघून जातं, त्यामुळे तो पिढ्यानपिढ्या उभा राहतो. कुठे ढासळला तर चार दगड उचलून परत रचता येतात. आता त्याच जागी चिऱ्यांची, सिमेंटने सांधलेली, गिलावा केलेली भिंत येते. तिच्यामागे भराव असला तर जुलैत तो पाण्याने फुगतो आणि सगळा दाब भिंतीवर येतो. अशी भिंत एकदम पडत नाही, आधी खुणा देते. पायथ्यापासून दोन-अडीच फुटांवर ओलीचा पट्टा दिसतो, सांध्यांतून पांढरे ओघळ उतरतात, गिलाव्याला आडवी बारीक चीर जाते. भिंतीच्या टोकाला उभं राहून एक डोळा मिटून वरच्या कडेने बघितलं की मधलं पोट पुढे आलेलं कळतं. हे दिसल्यावर सिमेंटने चिरा बुजवून उपयोग नसतो. उलट, पाण्याला जी थोडी वाट होती तीही बंद होते.

उपाय भिंत बांधतानाच करायचा. दर दीड मीटरवर तीन-चार इंची पाइप भिंतीतून आरपार घाला, बाहेरच्या बाजूला किंचित उतरता. पहिली रांग जमिनीपासून वीतभर वर, भिंत उंच असेल तर वर दुसरी रांग. पाइपच्या आतल्या तोंडाला जाळी आणि भिंतीच्या मागे पूर्ण उंचीपर्यंत फूटभर रुंदीचा खडीचा थर. गवंडी पुष्कळदा पाइप घालतात पण मागे मातीच लोटतात. मग पहिल्याच वर्षी पाइप गाळाने बुजतात. त्यामुळे भराव टाकताना स्वतः उभे राहा. पाच फुटांपेक्षा उंच धरभिंत मात्र अंदाजाने बांधू नका, इंजिनिअरकडून आखून घ्या. आणि सपाट अंगण मिळावं म्हणून घरामागचा डोंगर उभा कापू नका. एका उंच कापापेक्षा दोन-तीन बुटक्या पायऱ्या पाडल्या तर मातीही टिकते आणि लावायला जागाही मिळते.

मागे भराव नसेल, फक्त हद्दच दाखवायची असेल, तर माझं मत सरळ आहे: गडगा घाला किंवा जिवंत कुंपण करा. निगडी, अडुळसा, मेंदी ही झुडपं कापून सहज आटोक्यात राहतात. निगडी आणि अडुळशाला तर गुरंही तोंड लावत नाहीत.

चौथी पायरी: अंगणात काय अंथरायचं

संपूर्ण आवार ब्लॉकने झाकण्याचा मोह टाळा. गाडीची वाट, स्वयंपाकघराच्या मागीलदाराची जागा आणि पायवाट एवढंच पक्कं करा. झाकलेल्या जमिनीवरचं पाणी जिरत नाही, वेगाने वाहतं, आणि एप्रिल-मेमध्ये तीच जमीन रात्री उशिरापर्यंत गरम राहते. जे पक्कं करायचं तिथे जांभ्याच्या लाद्या किंवा खडबडीत दगड घ्या. गुळगुळीत कोटा, पॉलिश ग्रॅनाइट, चकचकीत टाइल पावसाळ्यात घरातल्या वयस्कर माणसांसाठी धोक्याच्या आहेत. त्यांच्यावर शेवाळाचा पातळ थर बसतो तो दिसतही नाही. खडबडीत दगडावरही शेवाळ येतं, पण पाय धरतो. श्रावणात एकदा ब्लिचिंग पावडर टाकून खराट्याने घासलं की काम भागतं. पावडरीचं पाणी झाडांच्या आळ्यात आणि विहिरीकडे जाणार नाही एवढं बघायचं. लाकडी डेकचा विचार असेल तर सोडूनच द्या. इथला पाऊस आणि वाळवी यांच्यापुढे तो फार टिकत नाही.

आता लॉन. उन्हाळ्यात लॉनला चौरस मीटरमागे दिवसाला चार-पाच लिटर पाणी लागतं. हजार चौरस फुटांचं लॉन म्हणजे रोज साधारण साडेचारशे लिटर. मोठ्या माडाला उन्हाळ्यात ठिबकने रोज ३० ते ४० लिटर पुरतात. म्हणजे त्या एका लॉनच्या पाण्यात दहा-बारा माड पोसले जातात. ज्या गावात एप्रिलपासून टँकरची वाट बघितली जाते तिथे हे गणित मला पटत नाही. शिवाय पावसाळ्यात हेच लॉन सतत ओलं राहून बुरशीने पिवळं पडतं. मुलांना खेळायला हिरवा तुकडा हवाच असेल तर छोटा ठेवा, उंचवट्यावर ठेवा आणि मूळचं गवत, हरळी वाढू देऊन कापत राहा. उन्हाळ्यात ती सुकते, पहिल्या सरींनी परत फुटते.

पुढीलदारी खळं असेल तर ते मोडू नका. पावसाळा संपला की चोपून, शेणाने सारवलेलं खळं मेपर्यंत वापरता येतं. त्यावर मांडव पडतो, तुळशीचं लग्न लागतं, भात-आमसुलं वाळतात. दरवर्षी सारवणं जमत नसेल तर मध्यभाग तसाच ठेवून कडेने जांभ्याच्या लादीचा पट्टा फिरवा. तेवढ्यानेही चिखल घरात येत नाही.

पाचवी पायरी: कुठलं झाड, घरापासून किती लांब

रोप हातभर असताना ते जवळ लावण्याचा मोह होतो. पंधरा वर्षांनंतरचं झाड डोळ्यांसमोर आणा. माडाची झावळी पाच-सहा मीटर लांब होते. भिंतीपासून दोन मीटरवर लावलेला माड पुढे दर महिन्याला कौलं फोडतो, पन्हळ भरतो आणि नारळ गाडीवर टाकतो. माड छपराच्या कडेपासून निदान सहा मीटर लांब हवा, दोन माडांत साडेसात मीटर. हापूसच्या कलमाला आणि फणसाला दहा मीटर, काजूला सात ते आठ, कोकमाला सहा. जागा पाच गुंठे असेल तर यातलं सगळं बसणार नाही, हे आधीच मान्य करा. दोन-तीन मोठी झाडं नीट वाढलेली असली की आवार भरतं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. त्यानंतर तरी घराच्या पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला ठिसूळ, झटपट वाढणारी झाडं लावू नयेत. गुलमोहर हे त्यातलं पहिलं नाव. मूळ मादागास्करचं, मुळं उथळ, फांद्या कमकुवत. फुलं सुंदर असतात हे मान्य, पण ते रस्त्यापासून आणि घरापासून लांब, मोकळ्या माळावर असावं. ऑस्ट्रेलियन अकेशियाही तसाच. त्याच्या पाल्याखाली दुसरं फारसं काही उगवत नाही. कोनोकार्पसची हिरवी भिंत सध्या नव्या बंगल्यांभोवती दिसू लागली आहे. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, एवढं लक्षात ठेवा. जमिनीवर पसरणारी पिवळ्या फुलांची वेडेलिया नर्सरीत स्वस्त मिळते. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आगंतुक प्रजातींच्या यादीत घाणेरी आणि रानमोडीबरोबर तिचंही नाव आहे. एकदा व्हाळाच्या काठाला लागली की काढता येत नाही.

समुद्र जवळ असेल तर खाऱ्या वाऱ्याचा विचार वेगळा करावा लागतो. पानांच्या समुद्राकडच्या कडा करपलेल्या दिसल्या की ओळखायचं. अशा जागी वाऱ्याच्या तोंडावर पहिली फळी खारं सोसणाऱ्या झाडांची हवी: उंडी, भेंड, करंज, केवडा आणि माड. त्यांच्या आडोशाला मग बाकीची. वारा अडवायला उंच सलग भिंत बांधली तर वारा तिच्यावरून उसळून आत भोवरा करतो. झाडांची फळी तो गाळून मंद करते. उंडी मला विशेष आवडते. दाट सावली, सुवासिक पांढरी फुलं, आणि वाळूतही उभी राहते.

पोफळींच्या बाबतीत एक चूक सारखी दिसते. गेटपासून घरापर्यंत दोन्ही बाजूंनी पोफळींची रांग, भर उन्हात. पोफळ ही आगरात माडांच्या सावलीत वाढणारी. पश्चिमेचं ऊन तिच्या खोडावर पडलं की साल भाजते, खोड चिरतं आणि झाड तिथेच मोडतं. शिवाय तिला उन्हाळाभर पाणी हवं. पोफळी लावायच्याच असतील तर घराच्या पूर्वेला, माडांच्या मध्ये, एकमेकींपासून २.७ मीटरवर.

कोकम लावणार असाल तर बीपासून केलेलं रोप घेऊ नका. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. सहा-सात वर्षं वाढवल्यावर झाड नर निघालं तर रतांबा मिळत नाही. मादी झाडाचं कलम घ्या. ‘कोकम अमृता’ ही दापोलीच्या कृषी विद्यापीठाची जात चांगली आहे. माडाची रोपं रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राकडे, काजूची कलमं वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राकडे चौकशी करून घ्यावीत. रस्त्याकडेच्या टेम्पोतून घेतलेल्या रोपाची जात कुठली, हे फळ येईपर्यंत कळत नाही.

फुलझाडांसाठी लांब जायची गरज नाही. जास्वंद, अनंत, तगर, एक्झोरा, अबोली, कुंदा, मोगरा ही सगळी इथल्या आम्लधर्मी तांबड्या मातीत सुखाने राहतात. सोनचाफ्याला निचरा लागतो, तो उंचवट्यावर. मोठ्या जागेत एक बकुळ आणि एक सुरंगी असावी. सावलीत हळद, आलं, अळू, आणि माडावर मिरीचा वेल चढवा.

विहीर, टाकी आणि चिऱ्यांच्या भिंतीजवळ वड-पिंपळाच्या जातीचं काहीही ठेवू नका. पाखरांच्या विष्ठेतून उगवलेलं इवलंसं रोपही दिसल्याबरोबर मुळासकट काढा. आणि आवारात आधीपासून आंबा, फणस, चिंच, जांभूळ असे वृक्ष असतील तर आराखडा त्यांच्याभोवती बसवा. ती तोडायला १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि तेवढी सावली परत मिळवायला तीस वर्षं जातात. खाडीकाठच्या जागेत कांदळवनावर भराव टाकणं हा तर गुन्हाच आहे.

सहावी पायरी: खड्डा, लागवड आणि पहिले दोन उन्हाळे

खड्डे एप्रिल-मेमध्ये काढून तापू द्या. माड आणि आंब्याला एक मीटर लांब, रुंद, खोल. आकारात कंजुषी केली तर कातळातल्या त्या चौकोनातच मुळं फिरत राहतात आणि मोठं झाल्यावर झाड वाऱ्याला उपटतं. वरची काळपट माती, पातेरा आणि दोन-तीन टोपल्या पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळून खड्डा भरा. ताजं शेण घालू नका. त्यात हुमणी आणि गेंडा भुंग्याच्या अळ्या वाढतात. कातळातल्या खड्ड्याच्या खालच्या अंगाला पहारीने एक चर फोडून ठेवा, म्हणजे जुलैचं पाणी तुंबणार नाही. आंब्याचा खड्डा जमिनीपेक्षा अर्धा फूट वर भरा, माती खाली बसतेच. माड मात्र खोल लावतात: खड्डा अर्धवट भरून रोप बसवायचं, भोवती बांध घालायचा आणि रोप वाढेल तशी माती ओढायची.

मृगाच्या सरींनी जमीन भिजली की लावा. जिथे पाणी तुंबतं तिथे ऑगस्टअखेरीपर्यंत थांबा. कलमाचा सांधा जमिनीच्या वर राहू दे आणि सांध्याखालून फुटलेले धुमारे खुडत राहा, नाहीतर हापूस मरून खालचा रायवळ वाढतो.

दिवाळीनंतर आळी करून ती झाका. माडाच्या आळ्यात नारळाची सोडणं पाठ वर करून लावली, वर वाळक्या झावळ्या आणि पातेरा घातला की ओल कितीतरी दिवस टिकते. पहिले दोन उन्हाळे लहान रोपांना नैर्ऋत्येकडून झापाची सावली करा. बागेतला पाला जाळून टाकणं ही मला सगळ्यात खटकणारी सवय आहे. तांबड्या मातीत सेंद्रिय अंश टिकत नाही, आणि तो परत द्यायचं फुकटचं साधन आपण धुरात घालवतो. फक्त खतखड्डा घरापासून आणि माडांपासून लांब ठेवा.

माडाला खिळा मारू नका, हे वेगळं सांगायला हवं, कारण दिव्यांच्या माळा, झोपाळे, पाट्या सर्रास ठोकल्या जातात. माडाच्या खोडाची जखम आंब्यासारखी साल वाढून भरून येत नाही, ती कायम राहते. त्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो आणि तिथे अंडी घालतो. काही महिन्यांनी भोकातून तांबूस चिकट रस ओघळतो, चावलेला भुसा बाहेर पडतो, आणि खोडाला कान लावला तर आत कुरतडल्याचा आवाज येतो. शेंडा कोमेजेपर्यंत लक्ष गेलं नाही तर माड वाचत नाही. दिवे लावायचे तर खांब रोवा, किंवा सैल पट्ट्याने बांधा.

सातवी पायरी: दगड, दिवे आणि साचलेलं पाणी

रॉक गार्डन कोकणात दाराजवळ करू नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कातळावर फुरसं हा विषारी साप दगडांच्या फटीत राहतो, लाल विंचूही तिथेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ज्या विंचूदंशावर आयुष्यभर काम केलं तो हाच विंचू. सैल रचलेले गोटे, बांधकामातून उरलेले चिरे, कौलांचा ढीग, लाकूडफाटा हे सगळं घरापासून लांब आणि जमिनीपासून उचलून ठेवा. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी, गवत कापलेलं, आणि पायाशी उजेड पडेल असे दिवे. बाहेरच्या सगळ्या दिव्यांच्या वायरिंगला गळती झाल्यावर वीज तोडणारा ब्रेकर बसवलाच पाहिजे. ओल्या मातीतल्या जोडांवर भरवसा ठेवता येत नाही.

कारंजं किंवा कमळाचं टाकं हवं असेल तर त्यात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा. कुंड्यांखालच्या थाळ्या पावसाळ्यात काढून ठेवा.

घर वर्षातून दोनदाच उघडत असेल तर

गणपतीला आणि मे महिन्यात येणाऱ्यांनी रोज पाणी लागणारं काहीही लावू नये. टायमर लावलेलं ठिबक असलं तरी वीज जाते, फिल्टर गाळाने भरतो, उंदीर नळ्या कुरतडतात, आणि हे बघायला तिथे कुणी नसतं. दोन-तीन उन्हाळे पाणी दिल्यावर स्वतःच्या बळावर राहणारी झाडं निवडा: काजू, कोकम, करंज, उंडी, बकुळ, आंब्याचं कलम. त्या दोन-तीन उन्हाळ्यांसाठी गावातल्या कुणाशी तरी नीट पैसे ठरवून पाण्याची व्यवस्था करा. ‘जाता-येता बघा’ म्हटल्याने झाडं जगत नाहीत आणि संबंधही बिघडतात. पपई, पेरू, चिकू घराला चिकटून लावले की बंद घराच्या कौलांवर वानरांचं येणं-जाणं सुरू होतं. ती झाडं मागच्या कडेला असावीत.

खर्चाचा क्रमही पाण्याप्रमाणेच लावा: पहिल्या वर्षी चर, पन्हळी आणि भिंतीचे पाइप, दुसऱ्या वर्षी मोठी झाडं आणि कुंपण, तिसऱ्या वर्षी पायवाटा, फुलझाडं, बसायचा कट्टा. यंदाच सुरुवात करायची असेल तर मार्चमध्ये वरच्या अंगाचा चर आखा, एप्रिलमध्ये खड्डे काढून घ्या, मेच्या दुसऱ्या आठवड्यात पन्हळी बसवा आणि माडांचे वाळके झाप उतरवा, आणि रोपं मात्र मृगाचा पाऊस दोन-तीन दिवस लागून पडल्यावरच घरी आणा.